चारित्र्याच्या दाखल्याची मुदत

जन्माचा दाखला एकदा हाती आला की तो माणसाच्या हयातीत शिळा होत नाही, कारण ज्या घटनेची तो साक्ष देतो ती घटना एकदाच घडते आणि पुढे कधी पालटत नाही. उलट उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसील कचेरी 31 मार्चची मर्यादा घालून देते, कारण मिळकत दरसाल कमीजास्त होणार हे सरकारने गृहीतच धरलेले असते. पोलीस तपासाअंती मिळणारा चारित्र्याचा दाखला या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो. माणसाचा स्वभाव दरसाल पालटत नाही हे खरे, परंतु त्याच्या नावावर एखादा गुन्हा नोंदला जाणे ही गोष्ट कोणत्याही दिवशी घडू शकते. म्हणून हा दाखला जन्मदाखल्याप्रमाणे कायमचा मानता येत नाही आणि उत्पन्नाच्या दाखल्याप्रमाणे त्याला सर्वत्र सारखी चालणारी एकच मुदतही घालता येत नाही. परदेशी नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा कायम वास्तव्यासाठी अर्ज करणारी हजारो मराठी कुटुंबे ज्या प्रश्नाने हैराण होतात तो प्रश्न येथूनच उद्भवतो: हा दाखला किती दिवस चालतो?

त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. मात्र त्यामागचे तत्त्व एकदा ध्यानात आले की प्रत्येक वेळचे उत्तर ज्याचे त्याला काढता येते. ते तत्त्व असे की, या दाखल्याची मुदत तो देणाऱ्यापेक्षा तो मागणाऱ्याच्या हाती असते. काही देशांत दाखला देणारे खाते मुदत स्वतःच ठरवून देते, काही देशांत ते याविषयी मौन पाळते. परंतु दोन्ही प्रसंगी ज्या कचेरीत अर्ज रुजू व्हायचा त्या कचेरीचा नियम शेवटचा ठरतो.

प्रथम हा दाखला नेमके काय सांगतो ते पाहू. परदेशगमनासाठी भारतीय नागरिकाला जे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे नित्याच्या बोलण्यातले पीसीसी, मिळते ते पासपोर्ट ऑफिसाकडून मिळते. त्यात अर्जदाराचे नाव आणि पासपोर्टचा क्रमांक असतो, ज्या देशासाठी दाखला मागितला त्या देशाचे नाव असते, आणि त्या देशाच्या प्रवासाला किंवा व्हिसाला बाध येईल अशी कोणतीही प्रतिकूल माहिती या व्यक्तीविरुद्ध अभिलेखात नाही, एवढेच विधान असते. अर्जदार सद्गुणी आहे असे हा कागद म्हणत नाही, आणि पुढेही तो गुन्हा करणार नाही अशी हमी तर मुळीच देत नाही. अमुक दिवशी दफ्तर पाहिले, त्यात या नावावर काही निघाले नाही, इतकीच त्याची साक्ष. ती साक्ष त्या दिवसापुरती पूर्ण सत्य असते. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिच्यात न तपासलेल्या काळाची भर पडू लागते, आणि मुदतीचा नियम म्हणजे असा न तपासलेला काळ किती असला तर चालेल याविषयी मागणाऱ्या कचेरीने आखलेली मर्यादा होय.

ही व्यवस्था फार जुनी नाही. गावगाड्याच्या काळात माणसाच्या वर्तणुकीची ग्वाही पाटील देत असे, आणि ती ग्वाही परिचयावर उभी असे. पाटलाची नजर रोजच गावावर असल्यामुळे तिला मुदतीची आवश्यकता नव्हती. महाराष्ट्रात पोलीस पाटलाचे पद 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार चालते आणि आजही गावातील चौकशीत त्याच्या माहितीला मोल आहे. परंतु माणूस गाव सोडून मुंबईला, मुंबई सोडून मस्कतला आणि तेथून टोरांटोला जाऊ लागला, तेव्हा परिचयाची जागा अभिलेखाने घेतली. 1897 साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे दफ्तर सुरू झाले, आणि नाव बदलले तरी बोटांचे ठसे बदलत नाहीत या आधारावर व्यक्तीची ओळख पटविण्याचे शास्त्र प्रशासनात रुजले. त्याच ब्रिटिश साम्राज्यसत्तेने 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, हेही विसरता येत नाही. अशा जमातींना कोंडून ठेवणारी सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. तो कायदा 1952 साली रद्द झाला. चारित्र्याची नोंद ही एका व्यक्तीची, तिच्या स्वतःच्या कृत्यांची आणि निश्चित कालावधीची असली पाहिजे, कुळाची किंवा जमातीची नव्हे, हा जो विचार आजच्या दाखल्यामागे आहे तो अशा अन्यायाच्या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे त्याची योग्यता कळते.

आपल्याकडे दोन दाखल्यांची सरमिसळ फार होते. खासगी नोकरी, सुरक्षा रक्षकाचे काम किंवा तत्सम स्थानिक कारणासाठी जे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागते ते शहरात पोलीस आयुक्तालयाकडून आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून मिळते. परदेशाच्या व्हिसासाठी लागणारे पीसीसी मात्र सामान्यतः पासपोर्ट ऑफिसाचेच ग्राह्य धरले जाते. ज्याने पहिला दाखला घेऊन दुसऱ्याच्या जागी जोडला त्याची मुदतीची सारी मोजदाद व्यर्थ जाते, कारण चुकीच्या कागदाला मुदत असूनही उपयोग नसतो.

पीसीसीचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, त्याचे शुल्क 500 रुपये आहे, आणि सप्टेंबर 2022 पासून टपाल कचेऱ्यांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही हा अर्ज स्वीकारण्याची सोय झाली आहे. पोलीस अहवालाची गरज पडली म्हणजे ज्या ठाण्याच्या हद्दीत अर्जदार राहतो त्या ठाण्याकडे कागद जातो. तेथील अंमलदार घरी येतो, आधारकार्ड, विजेचे बिल, भाडेकरार असे पुरावे पाहतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस करतो, ठाण्याच्या अभिलेखात नाव शोधतो आणि आपला शेरा लिहून वर पाठवतो. 2009 साली मंजूर झालेल्या सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यामुळे एका ठाण्यातील नोंद दुसऱ्या ठाण्याला पाहता येऊ लागली; तरीसुद्धा घराला कुलूप असणे आणि ‘अर्जदार पत्त्यावर आढळून आला नाही’ असा शेरा पडणे ही विलंबाची जुनीच तऱ्हा अद्याप टिकून आहे. अर्जात गावाकडचा पत्ता आणि प्रत्यक्ष राहणे पिंपरीत, असा प्रकार असला की आठवडे सहज निघून जातात. म्हणून मुदत मोजताना अर्ज केल्याचा दिवस धरून चालत नाही, कागदावर दाखला दिल्याची जी तारीख पडते तीच धरावी लागते.

आता मागणाऱ्यांच्या नियमांकडे वळू, आणि त्यांत कॅनडाचा नियम थोडा विस्ताराने पाहू, कारण मुदतीमागचा तर्क त्याच्याइतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो. एक्स्प्रेस एंट्रीच्या मार्गाने कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाने, गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा अधिक काळ वास्तव्य केले असेल, कॅनडा वगळून त्या प्रत्येक देशाचा दाखला द्यायचा असतो. ज्या देशात अर्जदार सध्या राहतो त्या देशाचा दाखला अर्ज दाखल करण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आतील हवा. ज्या देशातून तो निघून आला आहे त्या देशाचा दाखला मात्र तेथील शेवटच्या वास्तव्यानंतर दिलेला असला म्हणजे पुरे.

उदाहरणादाखल साताऱ्याकडील एक परिचारिका घ्या. ती 2017 ते 2021 मस्कतच्या एका रुग्णालयात नोकरीस होती आणि तेव्हापासून पुण्यास राहते. तिने कॅनडासाठी अर्ज मांडला तर तिला ओमानचाही दाखला लागेल आणि भारताचाही. मस्कत सोडून आल्यावर तिने ओमानचा दाखला मिळवून ठेवला असेल, तर त्याला कितीही वर्षे लोटली असली तरी कॅनडाच्या दृष्टीने तो चालतो. कारण त्यानंतर ओमानच्या भूमीवर तिचा एकही दिवस गेलेला नाही, आणि जेथे वास्तव्यच नाही तेथील अभिलेखात नव्याने काही शोधण्याचे कारणही नाही. पण तिने तोच दाखला नोकरी सुटण्याच्या दोन महिने आधी, सामानसुमान बांधता बांधता घेतला असेल, तर शेवटचे दोन महिने त्याच्या कक्षेबाहेर राहतात आणि तो अपुरा ठरू शकतो. मधल्या काळात ती पुन्हा आठ महिन्यांच्या करारावर मस्कतला जाऊन आली असेल, तर जुना दाखला संपलाच असे समजावे. भारताचा दाखला मात्र ताजाच हवा, कारण येथील वास्तव्य चालू आहे आणि प्रत्येक नवा दिवस हिशोबात भर घालीत आहे. सारांश, सोडलेल्या देशाचे खाते मिटलेले असते आणि राहत्या देशाचे खाते उघडे असते. मिटलेल्या खात्याचा उतारा जुना चालतो, उघड्या खात्याचा ताजाच लागतो.

हाच तर्क अमेरिकेच्या नियमातही दिसतो. तेथील कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी सोळा वर्षे आणि त्यावरील अर्जदारांकडून पोलीस दाखले मागितले जातात आणि ते दोन वर्षांनी मुदतबाह्य होतात. परंतु दाखला पूर्वीच्या वास्तव्याच्या देशाचा असेल आणि तो घेतल्यानंतर अर्जदार त्या देशात परत गेला नसेल, तर ही दोन वर्षांची अट लागू होत नाही. ऑस्ट्रेलिया दाखला दिल्याच्या तारखेपासून बारा महिने तो ग्राह्य मानते आणि सोळा वर्षांचे वय झाल्यापासून गेल्या दहा वर्षांत ज्या देशात एकूण बारा महिने वास्तव्य घडले त्या देशाचा दाखला मागते. येथे ‘एकूण’ या शब्दावर लक्ष हवे, कारण तीन-तीन महिन्यांच्या चार खेपाही त्यात धरल्या जातात; उलट कॅनडा सलग सहा महिन्यांचा विचार करते. न्यूझीलंडला अर्ज करताना दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना असता कामा नये.

हे आकडे एकत्र मांडले म्हणजे भेद ठळक होतो. भारतातच राहणाऱ्या तिघा अर्जदारांना 10 जानेवारीला तीन निरनिराळ्या देशांसाठी दाखले मिळाले असे समजू. कॅनडाला जाणाऱ्याने 5 जुलैस अर्ज दाखल केला तर त्याचा दाखला चालेल आणि 20 जुलैस केला तर चालणार नाही. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याचा दाखला पुढल्या जानेवारीपर्यंत टिकेल. अमेरिकेला जाणाऱ्याचा त्यानंतरही आणखी एक वर्ष. पोलीस तेच, पासपोर्ट ऑफिस तेच, शेराही तोच. निराळे आहेत ते केवळ तीन देशांचे नियम. शिवाय दाखल्यात देशाचे नाव असते, हे ध्यानात ठेवून ऑस्ट्रेलियासाठी काढलेला दाखला मुदत शिल्लक आहे म्हणून कॅनडाच्या अर्जाला जोडू नये. त्याचप्रमाणे दाखला मिळाल्यावर पासपोर्टचे नूतनीकरण झाले आणि क्रमांक बदलला, तर जुन्या क्रमांकाचा दाखला चालेल किंवा नाही याची खातरजमा अर्ज पाठविण्यापूर्वीच करून घ्यावी.

मुदत कोठून मोजायची हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोठपर्यंत मोजायची हेही महत्त्वाचे असते. कॅनडा आणि न्यूझीलंड येथे अर्ज दाखल होण्याचा दिवस निर्णायक ठरतो. त्या दिवशी दाखला ताजा असला आणि पुढे प्रकरणाचा निकाल लागण्यास वर्ष लागले, तरी तेवढ्याने अर्ज अपुरा ठरत नाही, मात्र अधिकाऱ्याला वाटल्यास तो नवा दाखला मागू शकतो. अमेरिकेच्या व्हिसात कागदपत्रे आधी सादर होतात आणि वकिलातीतील मुलाखत पुष्कळ नंतर येते. भावंडांच्या नात्याने केलेल्या अर्जांना तर दशकाहून अधिक काळ वाट पाहावी लागते; म्हणून पाळी जवळ येण्याच्या कितीतरी आधी उत्साहाने काढून ठेवलेला दाखला मुलाखतीच्या दिवशी निरुपयोगी झालेला असतो. दाखला लवकर काढणे ही येथे दक्षता ठरत नाही. तो योग्य वेळी काढणे हीच दक्षता.

दाखला देणारे राष्ट्र मुदत ठरवते त्याचे उदाहरण पोर्तुगालचे आहे. तेथील गुन्हेनोंदीचा दाखला तीन महिने चालतो. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे युरोपात वास्तव्य करणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना हा नियम जाणून घेणे अगत्याचे आहे. याच्या दुसऱ्या टोकाला ब्रिटनची अंतर्गत व्यवस्था आहे. तेथे मुलांच्या, वृद्धांच्या किंवा रुग्णांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांची जी डीबीएस तपासणी होते तिच्या प्रमाणपत्राला अधिकृत अंतिम तारीखच नाही. त्यातील माहिती तपासणीच्या दिवशी अचूक होती एवढेच सांगितले जाते आणि नवी तपासणी केव्हा करावी हे मालकावर सोपविले जाते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अद्ययावत नोंदीची एक सेवा ठेवली आहे: प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नाव नोंदविले, तर मालकाला अर्जदाराच्या संमतीने त्याच्या नोंदीत काही बदल झाला आहे किंवा नाही हे केव्हाही पाहता येते. मुदतीच्या प्रश्नाचे हे सर्वांत समंजस उत्तर आहे असे मला वाटते, कारण त्यात न तपासलेला काळच उरत नाही. आपल्या रुग्णालयांतून ब्रिटनला जाणाऱ्या परिचारिकांना व्हिसाच्या वेळी गेल्या दहा वर्षांत बारा महिने किंवा अधिक वास्तव्य घडलेल्या देशांचे दाखले द्यावे लागतात, आणि कामावर रुजू होताना पुढे या दुसऱ्या तपासणीशीही गाठ पडते. दोन्ही गोष्टी एक समजू नयेत.

आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारानुसार एका देशाचा सरकारी दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य ठरावा म्हणून त्यावर अपोस्टिलचा शिक्का घेतला जातो; भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून अमलात आला. ज्या देशांनी तो स्वीकारलेला नाही त्यांच्या बाबतीत वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावे लागते. अपोस्टिलवर नवी तारीख पडते, आणि त्यामुळे दाखल्यालाही नवी मुदत मिळाली असे पुष्कळ जण समजतात. ते खरे नाही. अपोस्टिल हा दाखल्यावरील सही-शिक्का अस्सल असल्याची ग्वाही देतो, मजकुराविषयी काहीच सांगत नाही, भाषांतराचेही तसेच. दोहोंत जे दिवस जातात ते मूळ दाखल्याच्याच मुदतीतून वजा होतात.

नियम करणे, बदलणे आणि काढून टाकणे हे सर्व मागणाऱ्याच्या अधिकारात असते याचा प्रत्यय नोव्हेंबर 2022 मध्ये आला. तोवर सौदी अरेबियात नोकरीस जाणाऱ्या भारतीयांना पीसीसी सादर करावे लागत असे. सौदी वकिलातीने ती अट उठवली आणि एका निवेदनासरशी असंख्य कामगारांचा तो हेलपाटा थांबला. म्हणूनच शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय केले, एजंटाने काय सांगितले, यावर विसंबू नये. अर्जाच्या दिवशी संबंधित देशाने काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे किंवा जाणत्याकडून वाचून घ्यावे.

मुदतीइतकाच अर्जातील सत्यकथनाचा प्रश्न गंभीर आहे. आपल्या देशातील सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात फौजदारी प्रकरणांविषयी जो मजकूर विचारला जातो त्यात दडवादडवी केल्यास काय व्हावे, याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात केला आहे. माहिती खरी द्यावी, ती दडवली असता प्रकरण क्षुल्लक की गंभीर हे मालकाने पाहावे, आणि माहिती खरी दिली असली तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा मालकाचा अधिकार शाबूत राहतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दाखला हाती पडल्यावर आणि अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी एखादे प्रकरण उद्भवले, तर दाखला अजून ताजा आहे या सबबीवर ते लपवू नये. अर्जातील प्रश्नाला त्या दिवशीचे खरे उत्तर देणे हे अर्जदाराचे स्वतंत्र कर्तव्य आहे, आणि जुना स्वच्छ दाखला त्यातून त्याला मुक्त करीत नाही.

या सर्वांतून कामाचा एक क्रम आपोआप निघतो. ज्या दिवशी अर्ज दाखल व्हायचा किंवा मुलाखत व्हायची तो दिवस आधी अंदाजाने ठरवावा आणि तेथून मागे मोजत यावे. गेल्या दहा वर्षांतील वास्तव्याची देशवार, तारीखवार यादी पासपोर्टवरील शिक्क्यांच्या आधारे करावी. सोडून आलेल्या देशांचे दाखले प्रथम मागवावेत, कारण ते दुरून यायचे असतात आणि जुने झाले तरी बहुधा चालतात. अमेरिकेसारख्या देशात तर राष्ट्रीय पातळीवरील नोंदीसाठी बोटांचे ठसे पाठवावे लागतात, आणि ठसे अस्पष्ट उमटले तर सारे पुन्हा करावे लागते. राहत्या देशाचा दाखला सर्वांत शेवटी, बाकीचे कागद तयार होत आल्यावर काढावा. पोलीस अंमलदार येण्याच्या सुमारास घरी कोणीतरी हजर असेल आणि पत्त्याचा पुरावा प्रत्यक्ष राहत्या जागेचा असेल, याची तजवीज करावी.

परंतु सगळे ओझे अर्जदाराच्याच माथी ठेवून भागणार नाही. शेतमजुराचा मुलगा आखातात जायला निघतो किंवा खेड्यातील मुलगी परिचारिका होऊन परदेशी नोकरी पत्करते, तेव्हा मुदतीच्या एका न कळलेल्या अटीपायी त्यांना पुन्हा शुल्क, पुन्हा खेपा आणि प्रसंगी नोकरीवरच पाणी सोडावे लागावे, हे कोणत्याही सुजाण प्रशासनाला शोभणारे नाही. जो कोणी दाखला मागतो त्याने तो किती दिवसांचा चालेल, ही मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोजली जाईल आणि सोडलेल्या देशांसाठी काय नियम आहे, या तीन गोष्टी मागणीपत्रातच लिहिल्या पाहिजेत. आणि जेथे दाखल्याचा अर्ज घेतला जातो त्या आपल्या सेवा केंद्रांत व पोलीस ठाण्यांत हीच सूचना ठळक मराठीत फलकावर लावली गेली पाहिजे. त्याला नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. अर्जदाराचा वेळ आणि पैसा हा सरकारच्या वेळेइतकाच मोलाचा आहे एवढे मान्य करावे लागते, आणि लोकशाहीतल्या कचेरीने ते मान्य करायलाच हवे.